रात्रपाळीत झोपलेला कामगार, सुपरवायझरची कॉलर आणि आबांचं 'उद्यापासून येऊ नकोस'

ओतारी (4 मार्च 2019, रात्री 11:10)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करायचा कारखाना. कायम कामगार 64, शिवाय ठेकेदाराची माणसं. आबांनी उभी केली, गेली सहा वर्षं रोजचं मी बघतो. इथं बरेच जण कारखानदारीतले आणि युनियनमधले आहेत म्हणून विचारतोय. चार दिवस नीट झोप नाही.

गुरुवारी रात्रपाळीत, पहाटे तीन वीसला, फर्नेसवरचे मामा झोपलेले सापडले. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने फर्नेस ऑपरेटर, 17 वर्षं झाली. मी बारावीत असताना ते लागले. पॅनेलच्या खोलीबाहेर वाळूच्या पोत्यांवर आडवे झाले होते, हातमोजे उशाशी. फर्नेसमध्ये हीट, म्हणजे एका वेळचा वितळलेला रस, तयार होऊन थांबलेली आणि टेंपरेचर चढत चाललेलं.

ज्यांना फौंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंडक्शन फर्नेसमध्ये चौदाशे अंशांच्या वर लोखंडाचा रस असतो. त्याच्याभोवती तांब्याची कॉइल आणि तिच्यातून थंड पाणी फिरत असतं. मध्ये फक्त लायनिंगची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या अस्तराची, भिंत. रस नको तितका तापत राहिला की लायनिंग झिजतं. ते फुटून रस कॉइलपर्यंत गेला, पाण्याला भिडला, तर स्फोट होतो. त्या वेळी खाली मोल्डिंगवर, साच्यांच्या कामावर, नऊ माणसं होती.

सुपरवायझर 26 वर्षांचा डिप्लोमा झालेला पोरगा. त्यानं मामांना उठवलं. मामा उठले ते शिवी देऊनच, आणि त्याची कॉलर धरली. दोघांनी सोडवलं. शर्टाची दोन बटणं तुटली. ती त्यानं सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवली, बोलला काहीच नाही.

आबा आले, ऐकलं, आणि गेटवरच मामांना म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस, हिशोब घेऊन जा." शुक्रवारपासून मामा रोज येतात, वॉचमन आत सोडत नाही, ते शिफ्ट संपेपर्यंत गेटबाहेर उभे राहतात. आज युनियनचं पत्र आलं की कामगाराला बेकायदा गेटबंद केलंय, ताबडतोब रुजू करून घ्या.

मला मामांना काढायचं नाहीये. पण त्या पोराच्या डोळ्याला डोळाही देता येत नाही. काय करावं?

---

भोसरीचा (4 मार्च, 11:42)

काढा. दुसरा विचार करू नका. माझं 22 माणसांचं मशीन शॉप आहे. मागं एकानं सुपरवायझरवर हात उगारला, मी जुना माणूस म्हणून सोडून दिलं. सहा महिन्यांत दोन सुपरवायझर सोडून गेले, आणि जाताना दोघांनीही तेच कारण सांगितलं. फर्नेसवर झोपणं म्हणजे नऊ जणांच्या जिवाशी खेळ आहे. 17 वर्षं झाली म्हणून तो खेळ चालवून घ्यायचा का?

---

निवृत्त पर्सोनेल (5 मार्च, सकाळी 7:05)

ओतारी, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात 31 वर्षं पर्सोनेल खात्यात काढली आहेत. काढायचं की ठेवायचं हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. तुम्ही आज सगळ्यांत मोठ्या अडचणीत आहात ते आबांच्या त्या एका वाक्यामुळे.

तोंडी काढलेला कामगार महाराष्ट्रात 1971 च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखाली 90 दिवसांत कामगार न्यायालयात तक्रार करू शकतो. आरोपपत्र नाही, चौकशी नाही, लेखी आदेश नाही. तुमच्या हातात दाखवायला फक्त दोन बटणं आहेत.

आजच एक पत्र द्या, मराठीत. त्यात म्हणा की तुम्हाला नोकरीवरून काढलेलं नाही, अमुक तारखेच्या घटनेबद्दल चौकशी होईपर्यंत निलंबित करत आहोत, निर्वाह भत्ता मिळेल. हस्ते द्या, पोच घ्या. घेतलं नाही तर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि रजिस्टर पोस्टानं घरी पाठवा. एक प्रत युनियनला. निर्वाह भत्ता पहिले 90 दिवस निम्म्या पगाराइतका, आणि चौकशी कामगाराच्या चुकीनं लांबली नसेल तर त्यापुढं किमान 75 टक्के. तो एक महिनाही चुकवू नका. पोटाला नसलेला माणूस चौकशीला कसा हजर राहणार, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये भारत गोल्ड माइन्सच्या प्रकरणात उचलून धरला आहे.

तुमच्याकडं 50 च्या वर कामगार आहेत, म्हणजे 1946 चा स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या नियमांचा, कायदा लागू. स्वतःचे आदेश प्रमाणित करून घेतले नसतील तर राज्याचे आदर्श स्थायी आदेश लागू होतात. ते गेटवर मराठीत लावलेत का, हे आधी बघा.

---

ओतारी (5 मार्च, 9:30)

लावलेले आहेत, पण काचेच्या आत पार पिवळे पडलेत, कुणाला वाचता येतील असं वाटत नाही. पत्र आज देतो. आबांना समजावणं जास्त अवघड आहे. ते म्हणतात, माझ्या कारखान्यात मी कुणाला ठेवायचं हे मी ठरवणार.

---

सातपूर सेकंड शिफ्ट (5 मार्च, दुपारी 2:15)

मी नाशिकला युनियनचं काम करतो, चौकशांत कामगाराच्या बाजूनं बसतो. तिसाच्या वर चौकशा केल्या असतील. मालकानं इतक्या मोकळेपणी लिहिलं म्हणून मीही मोकळेपणी लिहितो.

त्यातल्या बहुतेक चौकशांत निकाल आधी ठरलेला असायचा. चौकशी अधिकारी म्हणजे कंपनीच्याच वकिलाचा ज्युनियर. साक्षीदारांचे जबाब टाइप करून आणलेले, खाली फक्त सही. कामगार काही बोलायला लागला की "तुमचं म्हणणं लेखी द्या." माणूस आठवी शिकलेला, तो काय लेखी देणार? मग बडतर्फी, मग कोर्टात आठ-दहा वर्षं. आम्ही जिंकलो तरी तोवर पोरांची शिक्षणं सुटलेली असतात.

म्हणून सांगतो, मामांना काढायला कागद हवा म्हणून चौकशी लावणार असाल तर नका लावू. त्या रात्री तिथं काय झालं हे तुम्हाला खरंच माहीत नाही. तुम्ही नव्हता, आबाही नव्हते. ते कळावं म्हणून लावा.

आणि मामांना त्यांचा माणूस द्या. आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे सहकारी कामगार किंवा त्यांच्या युनियनचा पदाधिकारी त्यांच्या बाजूनं बसू शकतो, आणि कामकाज त्यांना कळेल त्या भाषेत लिहिलं गेलं पाहिजे.

---

उंबरठा (5 मार्च, 4:50)

मी एचआरमध्ये आहे. सगळे मामांबद्दल बोलतायत, त्या मुलाबद्दल कुणीच नाही.

त्याला आज बोलावून घ्या. तक्रार त्याच्या हातानं लिहून घ्या: तारीख, वेळ, कोण हजर होतं, शब्द काय होते ते जसेच्या तसे. शिवी असेल तर शिवीच लिहायची. "अपशब्द वापरले" एवढंच लिहिलं की पुढं उलटतपासात काही उरत नाही. सोडवणाऱ्या दोघांचेही जबाब घ्या, पण वेगवेगळे बसवून. सीसीटीव्ही असेल तर आजच कॉपी काढा, बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवसांत जुनं पुसलं जातं.

आणि चौकशी संपेपर्यंत त्याला त्याच रात्रपाळीत एकटा ठेवू नका.

---

मीठभाकर (5 मार्च, रात्री 8:20)

जरा बाजूचा प्रश्न. माझं छोटं पॅकिंग युनिट आहे. उशिरा येणाऱ्याचे 100 रुपये कापतो. एवढ्यासाठी चौकशी कोण करणार? हे चालतं ना?

---

निवृत्त पर्सोनेल (5 मार्च, 9:00)

नाही चालत. वेतन प्रदान कायद्यात दंडाला मर्यादा आहे, त्या महिन्याच्या पगाराच्या 3 टक्के. तोही सरकारनं मंजूर केलेल्या यादीतल्या चुकांसाठीच, कामगाराचं ऐकून घेऊन. रजिस्टरात नोंद हवी, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच भल्यासाठी खर्च करायचा. मालकाच्या गल्ल्यात जाणारे 100 रुपये यात बसत नाहीत. उशीर झाला तेवढ्या वेळाचा पगार हजेरीप्रमाणे कापता येतो, तो प्रकार वेगळा.

---

भोसरीचा (6 मार्च, सकाळी 8:10)

मला एवढंच सांगा, झोपल्याबद्दल माणूस काढता येतो की नाही? कागद करून कोर्टात हरायचंच असेल तर कशाला एवढा खटाटोप?

---

निवृत्त पर्सोनेल (6 मार्च, 10:25)

येतो. आणि ते प्रकरण आपल्या पुण्याचंच आहे. भारत फोर्जमध्ये 1983 च्या ऑगस्टमध्ये एक कामगार दिवसापाळीत, सकाळी पावणेबाराच्या सुमाराला, लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. चौकशी झाली, बडतर्फ केलं. खालच्या न्यायालयांनी शिक्षा फार मोठी म्हणून त्याच्या बाजूनं कौल दिला. सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये बडतर्फी कायम केली. पण ती त्याची पहिली वेळ नव्हती. आधी तीनदा गैरवर्तनाबद्दल किरकोळ शिक्षा होऊन सुटला होता. निकाल कुठं वळला ते बघा: मागच्या नोंदींवर.

शिव्यांचंही तसंच. 2005 मध्येच महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी न्यायालयानं योग्य ठरवली. पण 1982 च्या रमाकांत मिश्रा प्रकरणात 14 वर्षांची स्वच्छ नोकरी असलेल्या माणसाला बोलण्यावरून काढलं होतं, ती बडतर्फी रद्द करून दोन वेतनवाढी रोखण्यावर आणली. दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाचेच. शिवी तीच असली तरी कुणी दिली, कुठल्या परिस्थितीत दिली आणि मागचं रेकॉर्ड काय, हे बघितल्याशिवाय शिक्षा टिकत नाही. मगाशी सांगितलेल्या 1971 च्या कायद्यात तर असं कलमच आहे: किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, मागची नोकरी लक्षात न घेता, धक्कादायक वाटावी इतकी मोठी शिक्षा देणं ही अनुचित प्रथा.

ओतारी, मामांची फाइल उघडा. 17 वर्षांत काय काय लागलंय?

---

ओतारी (6 मार्च, रात्री 10:00)

फाइल उघडली. 2011 चा उशिरा आल्याचा एक मेमो. दुसरं काही नाही. 2014 मध्ये फर्नेसचं पाणी बंद पडलं होतं, तेव्हा मामांनी हातानं इमर्जन्सी टाकी सोडून कॉइल वाचवली. त्याची फाइलमध्ये नोंदच नाही. मला आठवतंय, आबांनी तेव्हा त्यांना 1,000 रुपये हातावर ठेवले होते.

पत्र दिलं. मामांनी सही केली, एक शब्द बोलले नाहीत. गेटबाहेर उभं राहणं मात्र बंद झालं.

---

सातपूर सेकंड शिफ्ट (7 मार्च, 6:40)

2014 ची ती गोष्ट आता फाइलला लावा, आबांच्या सहीनं. माणसाच्या फाइलमध्ये फक्त मेमोच साठत जातात, हे मी प्रत्येक चौकशीत बघतो.

---

वारणाकाठ (7 मार्च, 11:00)

धाग्याशी जवळचं म्हणून विचारते. आमच्या इथं पॅकिंगमधल्या एका बाईंनी एका लाइनमनबद्दल तक्रार केलीय, अंगचटीला येतो म्हणून. मालक म्हणतात अशीच चौकशी लावू, चौकशी अधिकारी बसवू.

---

उंबरठा (7 मार्च, 11:35)

नको, ती वाट वेगळी आहे. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती असावीच लागते. अध्यक्ष त्याच आस्थापनेतली वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत, चौकशी 90 दिवसांत. समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल, त्यावर पुन्हा दुसरी चौकशी लावून त्या बाईंना तेच सगळं परत सांगायला लावायचं नाही. दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळं समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जा. सविस्तर वेगळा धागा काढा, मी येते तिथं. आणि तोवर त्या दोघांना एका लाइनवर ठेवू नका.

---

ओतारी (24 एप्रिल, रात्री 11:50)

बरेच दिवस लिहिलं नाही. आरोपपत्र 9 मार्चला दिलं. आरोप दोन: कामाच्या वेळी झोपणं, आणि वरिष्ठाला शिवी देऊन अंगावर जाणं. मामांनी चार ओळींत उत्तर दिलं, "झोपलो हे खरं, कॉलर धरली हेही खरं, बाकी चौकशीत सांगतो." आबा म्हणाले, कबूल केलंय, संपलं. निवृत्त पर्सोनेल यांनी फोनवर सांगितलं, बाकी काय आहे ते ऐका. चौकशी अधिकारी म्हणून कोल्हापूरचे एक वकील घेतले, ज्यांचा आमच्याशी आधी काही संबंध नव्हता. मामांच्या बाजूनं फेटलिंगमधला, म्हणजे ओतलेला माल साफ करणाऱ्या खात्यातला, एक कामगार बसला.

काल सुपरवायझरचा उलटतपास झाला. मी कोपऱ्यात बसलो होतो. तो फेटलिंगवाला दहावी शिकलेला. त्यानं मस्टर मागवलं आणि विचारलं, "त्या आठवड्यात मामांची ड्यूटी कधी कधी होती, वाचून दाखवा."

पोरानं वाचलं. मंगळवार दुसरी आणि तिसरी. बुधवार तिसरी. गुरुवार दुसरी आणि तिसरी.

आमची दुसरी पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा, तिसरी अकरा ते सकाळी सात. रात्रीचा ऑपरेटर रजेवर होता आणि रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, नेमला नव्हता. म्हणजे झोपले तेव्हा मामा बारा तासांहून जास्त वेळ फर्नेससमोर उभे होते, आणि आठवड्यातली ती दुसरी डबल. कारखाने कायद्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, वर ओव्हरटाइमला दुप्पट पगार. आम्ही जादा पाळीचे पैसे रोख देत होतो, एकपट, रजिस्टरात नोंद न करता. हे पानावर आलं. चौकशी माझ्या कामगाराची होती आणि मान माझी खाली गेली.

मग त्यानं विचारलं, "मामांना उठवलं कसं?" पोरगा म्हणाला, हलवलं. "हातानं की कशानं?" तो बराच वेळ गप्प. नंतर म्हणाला, "बुटानं. हात भरलेले होते, टेंपरेचर मोजायचा लान्स हातात होता." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, मी लाथ मारली नाही, हलवलं, रस चढत होता, मी घाबरलो होतो. मामा समोर बसले होते. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

तक्रारीत बुटाचा उल्लेख नव्हता, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

---

भोसरीचा (25 एप्रिल, 7:30)

वाचून थांबलो. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी 'काढा' लिहिलं होतं. सुपरवायझरच्या अंगावर जाणं चालवून घेऊ नये हे माझं मत कायम आहे. पण मस्टर मी विचारलं नव्हतं. आज माझ्या शॉपचं बघतो.

---

निवृत्त पर्सोनेल (25 एप्रिल, 9:15)

आता घाई करू नका. चौकशी अधिकाऱ्यांचा अहवाल येऊ द्या. त्याची प्रत मामांना द्या, त्यावर म्हणणं मांडायला आठवडाभर मुदत द्या, मगच शिक्षेचा विचार. अहवाल न देता शिक्षा केली तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या करुणाकर निकालाप्रमाणे सगळं अडकतं. शिक्षेआधी द्यायच्या दुसऱ्या कारणे दाखवा नोटिशीत मागचं रेकॉर्ड लिहा, 2011 चा मेमोही आणि 2014 ची टाकीही.

आदर्श स्थायी आदेशांत शिक्षा मोजक्या आहेत: ताकीद, दंड, जास्तीत जास्त चार दिवसांचं निलंबन, आणि मग थेट बडतर्फी. मधलं फारसं काही नाही. वेतनवाढ रोखू म्हणाल तर ते त्यात बसत नाही. आणि बडतर्फ करणार नसाल तर चौकशीच्या काळातला उरलेला पगार, निर्वाह भत्ता वजा करून, द्यावा लागेल.

---

ओतारी (19 मे, रात्री 9:40)

आदेश काल दिला. झोपण्याबद्दल लेखी ताकीद, त्यात डबल पाळीचं कारण आमच्या बाजूनं स्पष्ट लिहून. कॉलर धरल्याबद्दल चार दिवस निलंबन. ते मी सोडलं नाही. मामांनीही सोडा म्हटलं नाही. बाकी दिवसांचा पगार दिला. डबल पाळ्यांचा फरक मागच्या दोन वर्षांचा काढतोय, सगळ्यांचाच, आणि रजिस्टर नवं केलं. फर्नेसवर आता सलग दुसरी पाळी कुणालाच नाही. रिलिव्हर नसेल तर ती हीट लागत नाही, ऑर्डर उशिरा गेली तरी चालेल. यावरून आबांशी दोनदा कडाक्याचं भांडण झालं. तिसऱ्यांदा त्यांनीच मामांच्या फाइलला 2014 च्या नोंदीवर सही केली.

बुटाबद्दल सुपरवायझरला वेगळी लेखी समज दिली. ती त्यानं वाचून घेतली. नंतर मामांना जाऊन भेटला, काय बोलले ते दोघांनाच माहीत. पण मला म्हणाला, रात्रपाळी नको, मला दिवसा द्या. मी दिली. उंबरठा यांनी पहिल्याच दिवशी जे लिहिलं होतं ते मी नीट पाळलं नाही. मार्चभर तो रात्री एकटाच होता.

त्यामुळं आता रात्रीसाठी सुपरवायझर हवा आहे. इंडक्शन फर्नेसचा अनुभव, कोल्हापूर, इचलकरंजी किंवा सांगलीकडचा असेल तर उत्तम. पाळी आठ तासांचीच. कुणी माहितीत असेल तर इथंच निरोप टाका.